ब्याऐंशी ओळी रद्द

आप्पा, तुमच्या कागदांचा गठ्ठा आता माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घ्यायला लावली आणि म्हणाली, "तुज्या बापसाचं बाड हाय. न्यायचं तर ने, नायतर वाळवी वाट बघतेच हाय." मी ते माकुणसारहून बोईसरला आणलं आणि दोन महिने कपाटात तसंच ठेवलं. दोरी सोडायचा धीर होत नव्हता. आत काय आहे ते मला तोंडपाठ होतं. नंबर पडण्याआधीच खराब झालेल्या गेट पासांच्या पाठकोऱ्या बाजूवर एकाच आकड्याचे तीनशे साठ भागाकार. आकडा अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न. त्यातले पहिले दोनशे एकोणचाळीस भागाकार तुमच्या हातचे, पुढचे एकशे एकवीस माझ्या. आणि माझ्या एकशे एकवीसमधले ब्याऐंशी खोटे. न भागता लिहिलेले. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आता पन्नाशीला टेकले, आणि तुम्हाला जाऊनही चोवीस वर्षं झाली. सांगायला इतका उशीर करणाऱ्या माणसाने निदान उगाच आडवळणं घेऊ नयेत, म्हणून पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलं.

तुम्ही बोईसरच्या छापखान्यात नंबर घालायचं काम करायचात. तारापूरच्या कारखान्यांचे गेट पास, ड्रमला बांधायच्या चिठ्ठ्या, मालाची लेबलं, सगळ्यांवर ओळीने नंबर लागायचे, आणि ते उमटवणारं नंबरिंग मशीन म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठी पोलादी डबी. आत आकड्यांची चाकं. दर छापाला शेवटचं चाक एक घर पुढे जायचं. दिवसभरात तुमच्या हाताखालून हजारो आकडे जायचे, आणि घरी येऊन तुम्ही त्यांच्याबद्दल बाजारात भेटलेल्या ओळखीच्या माणसांसारखं बोलायचात. "आज एक चांगला गेला गो. चार हजार शहाण्णव. निस्त्या दोनाचा बनलेला हाय, बारा वेळा दोन." आई ओटीवर विड्याच्या पानांच्या गड्ड्या बांधत असायची. ती मान वर न करता विचारायची, "मंग आज भाताबरोबर तोच वाढू काय?" तुम्ही हसायचात आणि पाय धुवायला जायचात. सातवीत शाळा सुटलेला माणूस तुम्ही. पण आकडा ऐकला की तो कशाकशाचा बनला आहे हे तुम्हाला आधी दिसायचं आणि केवढा आहे ते नंतर. मी पुढे गणिताची, रसायनाची बरीच शिकलेली माणसं बघितली. तुमच्यासारखी नजर असलेलं त्यांच्यात कुणी भेटलं नाही, हे तुम्ही माझे बाप म्हणून मी म्हणत नाही.

त्या छापखान्यात एक शिस्त होती आणि ती तुमच्यामुळेच टिकून होती. नंबर पडलेला एखादा पास डागाळला, दुमडला, फाटला, तर तो फेकायचा नाही. त्याच्यावर आडवी रेघ मारायची, 'रद्द' लिहायचं आणि पुस्तकात त्याच्या नंबराच्या जागीच बांधायचा. नंतर जो पुस्तक उघडेल त्याला कळलं पाहिजे की हा नंबर होता, तो बिघडला आणि तो इथे आहे. पाचवीच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर छापखान्यात आले होते, ओले पास उचलून रचत होते, आणि एका पासावर माझा शाईचा अंगठा उमटला. भीतीने मी तो चुरगळून रद्दीच्या पोत्यात कोंबला. संध्याकाळी बांधणीच्या वेळी तुम्हाला एक नंबर कमी दिसला. शेठ म्हणाले, "जाऊ द्या हो, एकाने काय होतंय." तुम्ही पोतं फरशीवर ओतलंत, तासभर शोधलंत, तो पास हाताने सरळ केलात, रेघ मारलीत, रद्द लिहिलंत. मला ओरडला नाहीत. घरी चालत येताना एवढंच म्हणालात, "खराब झाला त्याचं काय नाय, मानसाच्या हातून व्हतं. पन नंबर गेला कुटं, ते सांगता आलं पायजे." तेव्हा मला वाटलं होतं, स्वस्तात सुटले.

आपला आकडा सापडला तो माझ्या आळशीपणापायी. नववीत असूनही सतराचा पाढा म्हणताना मी अडखळायचे. एकदा वैतागून म्हटलं, सतराचं काही धड येतच नाही, सगळे ओबडधोबड. तुम्ही म्हणालात, "सतराला नावं ठेवू नको. इकडं बस." आणि नंबर न पडलेल्या एका रद्दी पासाच्या मागे एकाला सतराने भागायला घेतलंत. मी कंटाळून बघत होते. शून्य, पाच, आठ, आठ, दोन, तीन, पाच, दोन. तुम्ही थांबला नाहीत. नऊ, चार, एक, एक, सात, सहा, चार, सात. सोळा आकडे झाले आणि मग पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू. बाजूला तुम्ही बाक्या लिहीत होतात. एक ते सोळा, सगळ्या आल्या होत्या, प्रत्येक एकदाच, कुणाचीही पाळी दोनदा नाही. मग तुम्ही त्या सोळा आकड्यांचे आठ-आठ करून एकाखाली एक मांडलेत आणि मला उभी बेरीज करायला सांगितलीत. प्रत्येक रकान्यात नऊ. शून्य आणि नऊ, पाच आणि चार, आठ आणि एक, शेवटपर्यंत नऊच. "आता वरच्या ओळीत एक मिळव न त्याला सतरानं गुण." वरच्या ओळीत एक मिळवला की होतात ५८,८२,३५३. सतराने गुणलं तर आले दहा कोटी एक. दोन टोकांना एक-एक आणि मध्ये सात शून्यं. कुंपणाचे खांब दाखवावेत तसं तुम्ही त्या दोन एकांकडे बोट करून म्हणालात, "दोन मेढी, न मधी सगळी मोकळी वाडी." त्या दिवसापासून मी सतराला नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मशीनची चाकं हाताने फिरवून तो आकडा एका कोऱ्या पट्टीवर उमटवलात, माझ्यासाठी. पण ती पट्टी लेबलांच्या थप्पीत गेली आणि कापायच्या मशीनखाली तिचे दोन तुकडे झाले. एकावर ५८८, दुसऱ्यावर २३५३. दुसरा कुणी असता तर नवी पट्टी काढून मोकळा झाला असता. तुम्ही डब्याच्या सुट्टीत त्या दोन तुकड्यांचे वर्ग करत बसलात. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "दोन तुकडे दिसले, म्हनून." त्या संध्याकाळी तुम्ही चपला न काढता ओटीवर बसलात आणि मला हाक मारलीत. पाचशे अठ्ठ्याऐंशीचा वर्ग करायला लावलात, तीन लाख पंचेचाळीस हजार सातशे चव्वेचाळीस. मग दोन हजार तीनशे त्रेपन्नचा, पंचावन्न लाख छत्तीस हजार सहाशे नऊ. मग बेरीज. बेरीज झाली अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न. मला वाटलं मी चुकून वरचाच आकडा उतरवला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मधोमध कापलेला आकडा, त्याच्या दोन तुकड्यांचे वर्ग, आणि बेरजेत तोच आकडा परत अख्खा. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी वर बघितलं तर तुमचे डोळे भरलेले होते. आई बाहेर आली, कागद बघितला आणि म्हणाली, "जोडला ना परत? मंग जेवा आता."

पुढे कित्येक दिवस तुम्ही मशीनवर जाणारे चार आकडी नंबर मनातल्या मनात असेच मधोमध कापून बघायचात. दोनच सापडले, बाराशे तेहतीस आणि आठ हजार आठशे तेहतीस. बाराचा वर्ग आणि तेहतीसचा वर्ग, अठ्ठ्याऐंशीचा वर्ग आणि तेहतीसचा वर्ग. पण ते तुमच्या लेखी धाकटे होते. खरा ध्यास लागला तो मोठ्याचा. हा कुणाच्या गुणाकारातून आलेला आहे, की मूळ आहे? म्हणजे एक सोडून दुसऱ्या कुठल्याच लहान आकड्याने ज्याला पुरता भाग जात नाही, असा? तुम्ही मला समजावलंत की दोन आकड्यांच्या गुणाकारातून हा यायचा असेल, तर त्यातला एक तरी चोवीसशे पंचवीसच्या आतला हवा. कारण चोवीसशे सव्वीसला चोवीसशे सव्वीसने गुणलं तर आपल्या आकड्याच्या पुढे जातं. म्हणजे चोवीसशे पंचवीसच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. एकानेही पुरता भाग गेला तर संपलं. कुणाचाच गेला नाही तर आपला आकडा मूळ. तुम्ही पॅकिंगच्या तपकिरी कागदावर एकापासूनचे आकडे लिहून पटीतले खोडत गेलात आणि उरलेले मोजलेत. तीनशे साठ. वर्षभर डब्याच्या सुट्टीत तुम्ही भागाकार केलेत. पंधराशेपर्यंत पोचलात, आणि माझी दहावीची परीक्षा संपली तेव्हा म्हणालात, "पंधराशेच्या फुडचे तुजे."

पडताळाही तुम्हीच शिकवलात. आकड्यातले आकडे मिळवत जायचे, एक आकडा उरेपर्यंत. आपल्या संख्येची बेरीज चौतीस, तीन आणि चार सात. म्हणून प्रत्येक ओळीत भाजकाचा आकडा गुणिले भागाकाराचा आकडा, अधिक बाकीचा, हे सगळं शेवटी सातच यायला हवं. नाही आलं तर ओळ चुकली. मी मे महिन्यात रोज सकाळी वाडीत जामाच्या झाडाखाली बसून भाग घालायचे. अठराशेपर्यंतचे एकोणचाळीस मी खरेखुरे केले. मला तेव्हा ते आवडतही होतं.

मग दातिवऱ्याच्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न आलं. हळदीला जायला तुम्ही हो म्हणालात, फक्त म्हणालात, "तेवडं पुरं करून जा. रविवारी मी तपासतो. शेठनं कारडाचे तुकडे दिल्यात, आपून छापून टाकू." तीन दिवस होते आणि ब्याऐंशी भागाकार. शुक्रवारी दुपारी मी एक हजार आठशे एकची ओळ घेतली, भागायला लागले, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की तुम्ही फक्त सात बघणार आहात. भागाकार अंदाजाने लिहिला, तीन हजार दोनशे चौसष्ट. त्याची बेरीज सहा. भाजकाची एक. एक गुणिले सहा, सहा. म्हणजे बाकी अशी हवी की जिची बेरीज एक येईल. लिहिलं एक हजार अठरा. झाले सात. इतकं सोपं. मी उरलेल्या सगळ्या ओळी त्याच पद्धतीने भरल्या. बाकी भाजकापेक्षा लहान राहील एवढी काळजी घेतली, भागाकार ओळीने कमी होत जातील असे ठेवले, दोनतीन ठिकाणी मुद्दाम खाडाखोड केली. एवढी अक्कल खऱ्या भागाकारात लावली असती तर निम्मे तरी झाले असते. आणि दातिवऱ्याला गेले, रात्री नाचले, कोपरापर्यंत हळद लावून रविवारी दुपारी परत आले.

तुम्ही ओटीवर तांबडी पेन्सिल घेऊन बसला होतात. मला बाजूला बसवलंत. एकेका ओळीवर पेन्सिल टेकवत, ओठांत गुणाकार करत, मोठ्याने म्हणत होतात, "सात." बरोबरची खूण. "सात." खूण. खऱ्या एकोणचाळीस ओळी झाल्या आणि खोट्या सुरू झाल्या. चोराच्या मनात चांदणं. तुम्ही कुठे जरा थांबलात की मला वाटायचं, सापडले. पण तुम्ही फक्त डोळे पुसायला थांबत होतात, कारण उन्हाची तिरीप कागदावर येत होती. ब्याऐंशी वेळा तुम्ही "सात" म्हणालात. मी माझ्या पिवळ्या हातांकडे बघत बसले होते. शेवटची खूण झाली तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "एक बी चूक नाय. माज्या सतरा ओळी चुकल्या व्हत्या, परत कराव्या लागल्या. तुजी एक बी नाय."

तेव्हाच मला कळायला हवं होतं की एकही चूक नसणं हीच खरी खूण आहे. तुम्हाला ते कसं कळलं नाही, हे मी पुढे अनेकदा स्वतःला विचारलं. लोक असल्या गोष्टी सांगताना म्हणतात की बापाला सगळं माहीत होतं, त्याने पोटात घातलं. तुम्हाला माहीत नव्हतं, आप्पा. माहीत असतं तर ते कार्ड तुम्ही छापलंच नसतंत. तुम्ही लपवून ठेवणाऱ्यांतले नव्हता, ना माझी चूक, ना कुणाची. तुमचा माझ्यावर विश्वास होता, बस.

कार्ड तुम्ही स्वतः जुळवलंत. शिशाचे देवनागरी टाइप एकेक उचलून, वर आकडा, खाली दोन वर्गांची बेरीज, त्याखाली 'ही संख्या मूळ आहे', आणि सगळ्यात खाली 'पडताळा' आणि दोन नावं. आधी तुमचं आणि त्याच मापाच्या टाइपात माझं. शंभर कार्डं काढलीत. गेट पास न्यायला येणाऱ्या कारखान्यांच्या माणसांना दिलीत, माझ्या शाळेत दिलीत, एक छापखान्याच्या भिंतीवर चिकटवलंत. कुणी विचारलं की हे काय, तर हातातलं काम ठेवून तुम्ही समजावून सांगायचात आणि शेवटी म्हणायचात, "फुडचा निम्मा पडताळा पोरीनं केला." निम्मा नव्हता, तुम्ही मुद्दाम वाढवून सांगायचात. तुमच्या तोंडून मी ऐकलेली तेवढी एकच अतिशयोक्ती. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या सदऱ्याच्या खिशात चष्म्याच्या घरात ते कार्ड निघालं. घाम लागून कडा मऊ झाल्या होत्या.

मी आज तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. रीडिंगच्या बाबतीत मी कडक आहे, खाष्ट आहे असंही म्हणतात. एखाद्याने न मोजता आकडा लिहिला तर मला तो कागदावर बघूनच ओळखू येतो, आणि का ओळखू येतो हे तुम्हाला आता कळलं. या जानेवारीत नवे मॅनेजर आले. माझा कागद त्यांच्यापुढे गेला तेव्हा ते वाचायला लागले, तर आमचा जुना सुपरवायझर त्यांना म्हणाला, "साब, मॅडम का रीडिंग है. देखना क्या?" त्यांनी न बघता सही केली. मी तिथेच उभी होते. मला एकदम तुमची तांबडी पेन्सिल आठवली आणि तिथे उभं राहवेना. त्या संध्याकाळी मी घरी येऊन गठ्ठ्याची दोरी सोडली.

फोनवर हा आकडा टाकला तर तो मूळ आहे की नाही हे डोळ्याची पापणी लवायच्या आत कळतं. इतकी वर्षं फोन हातात होता आणि मी कधी टाकला नाही. मला भीती वाटत होती. माझ्या ब्याऐंशीतल्या एकाने जरी पुरता भाग जात असेल, तर तुम्ही शंभर कार्डांवर खोटं छापलंत असं होईल, आणि ते माझ्यामुळे. ज्या माणसाने एक पास शोधायला पोतं ओतलं, त्याच्या नावावर खोटं. म्हणून ठरवलं, फोन नाही, हाताने. तुमच्यासारखं, डब्याच्या सुट्टीत, रोज दोन नाहीतर तीन. पहिली घेतली एक हजार आठशे एक. खरा भागाकार आला तीन हजार दोनशे सहासष्ट, बाकी दोनशे सत्त्याऐंशी. पडताळा सात. मी लिहिलेल्या एक हजार अठराशी त्याचा काही संबंध नव्हता.

सगळ्यात कठीण गेली ती एक हजार आठशे एकोणनव्वदची ओळ. त्या दिवशी आई माझ्याकडे बोईसरला आलेली होती, रविवार होता, आणि मी जेवणाच्या टेबलावर भाग घालत होते. तीन गेले, एक गेला, पुन्हा एक गेला, आणि मग शेवटचा आकडा ओढला तर समोर आले सात हजार पाचशे त्रेसष्ट. एक हजार आठशे एकोणनव्वद चोक किती, ते मी करायला लागले आणि मध्येच थांबले, कारण ते तिथेच येत होतं. सात हजार पाचशे छप्पन्न. उरले सात. फक्त सात. अठ्ठावन्न लाखांत सात कमी असते तर भाग पुरता गेला असता आणि तुमचं कार्ड खोटं ठरलं असतं. मी पेन्सिल ठेवली आणि रडू आलं. आईने विचारलं काय झालं, तर मी तिला सगळं सांगितलं, हळद, खोट्या ओळी, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुजा बापूस येडा व्हता, पन खोटा नव्हता. तू त्याला खोटा पाडायला निगाली व्हतीस, सात आकड्यांनी वाचला. आता बाकीचं पुरं कर." आणि मला चहा करून दिला. आईने आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या आकड्याची बाजू घेतली, हे तुम्ही ऐकायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात शेवटची ओळ झाली, दोन हजार चारशे तेवीस. भागाकार दोन हजार चारशे सत्तावीस, बाकी एक हजार सातशे बत्तीस, पडताळा सात. कुणाचाच पुरता भाग गेला नाही. तुमचा आकडा मूळ आहे, आप्पा. तुम्ही छापलंत ते खरं होतं, फक्त छापलंत तेव्हा ते आपल्याला माहीत नव्हतं. मग फोनवरही बघितलं. तिथेही मूळच, आणि तुकड्यांच्या वर्गांचं तुमचं नवल जगात आणखी काही लोकांनाही सापडलेलं आहे. पण त्यांच्यातल्या कुणाला ते कापायच्या मशीनखाली सापडलं असेल असं मला वाटत नाही. जुने कागद मी फाडले नाहीत. माझ्या ब्याऐंशी खोट्या ओळींवर एकेक आडवी रेघ मारली, प्रत्येकीपुढे रद्द लिहिलं, आणि नवे कागद त्यांच्या मागे लावून गठ्ठा पुन्हा बांधला. तुमच्या तांबड्या खुणा तशाच आहेत. हे पत्रही त्याच गठ्ठ्यात जाणार, दुसरीकडे कुठे पाठवू?

एक राहिलं. हे आईलाही सांगितलेलं नाही. नव्या भागाकारांत दोन हजार सतराच्या ओळीला बाकी आठशे एक्क्याऐंशी आली आणि पडताळा आला आठ. कँटीनमध्ये बसले होते, डबा उघडायचा होता, सुट्टी संपत आली होती. माझ्या हाताने आठशे एक्क्याऐंशीचे आठशे ऐंशी केले. सात जुळले. मी खूण केली आणि पुढच्या ओळीचा भाजकही लिहिला. मग माझं मलाच दिसलं. मागे जाऊन बघितलं तर तीन हजार तीनशे पाचमधून दोन हजार सतरा वजा करताना हातचा विसरले होते. खरी बाकी सातशे एक्क्याऐंशी. ओळ पुन्हा केली. पण या वयात, या नोकरीत, या कामासाठी बसलेली असताना हात तिकडेच गेला, हे तुम्हाला सांगायला हवं. त्या ओळीवरही रेघ मारली आहे आणि ती तिच्या जागीच ठेवली आहे. म्हणजे माझ्या रद्द ओळी ब्याऐंशी नाहीत, आप्पा. त्र्याऐंशी आहेत.